पत्रांचा रतीब

टाउनो हार्यूने एकतीस वर्षं ओल्ड माइन रोडवर टपाल वाटलं, आणि त्यातली अठ्ठावीस वर्षं तो रोज एक फेडरल गुन्हा करत होता. हे माझं म्हणणं नाही. त्यानेच सांगितलं, तेही सरकारी वकिलाच्या तोंडावर, आणि त्याच्याच वकीलबाई टेबलाखालून त्याला लाथा घालत असताना.

मी लेम्पी. मिशिगनच्या वरच्या भागात, सुपीरियर सरोवराच्या काठी आमचं ग्रॅनाइट बे, आणि तिथल्या फेडरल कोर्टाच्या समोरच्या इमारतीत आमचं ऑफिस. ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकारच वकील देतं, ते हे ऑफिस. बावीस वर्षं मी इथे सेक्रेटरी आहे. वकील जॉसलिन पेनहेल, सगळं गाव तिला जॉस म्हणतं. डोकं तिचं, टायपिंग माझं, आणि तोंड दोघींचं सारखंच चालतं. लोकांना वाटतं, फेडरल कोर्टात रोज वकील गर्जना करतात आणि ज्युरी डोळे पुसते. कसलं काय! शंभरातले नव्वदहून जास्त खटले उभेच राहत नाहीत. दोन्हीकडचे वकील कुठेतरी बसतात, तू इतकं सोड, मी इतकं सोडतो असं करतात, आरोपी ठरलेला गुन्हा कबूल करतो, आणि मी तो करार टाइप करते. आमच्याकडे हे 'कुठेतरी' म्हणजे कोर्टासमोरचं ट्रेवॅरोचं पेस्टीचं, म्हणजे मांस भरलेल्या भाजक्या करंज्यांचं, दुकान.

तर टाउनो. फिनलंडच्या वंशाचा, खाणकामगाराचा मुलगा. खाण बंद पडली त्या वर्षी टपालखात्यात लागला. उंच, किडकिडीत, कान लाल. आमच्याकडे स्टीअरिंग डावीकडे आणि घराघराच्या टपालपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला, म्हणून स्वतःच्या गाडीत उजव्या सीटवर बसायचा, डावा पाय लांब करून ब्रेक दाबायचा आणि खिडकीतून हात काढून पत्र पेटीत सारायचा. एकतीस वर्षं तिरकं बसल्याने त्याची कंबर अजून उजवीकडे झुकलेली आहे. मी त्याच रस्त्यावर वाढले. कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं माझं पत्र त्यानेच आणलं, पेटीत न टाकता दारावर ठोठावून हातात दिलं आणि मी फोडून वाचेपर्यंत पायरीवरच उभा राहिला.

टाउनोची बायको लवकर गेली. मूलबाळ नाही. मागे एक भाऊ, वेइको. या दोघा भावांचं वीस वर्षांपूर्वी होडीच्या इंजिनावरून वाजलं, तेव्हापासून ते वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. बोलतात ते फक्त पंधरा नोव्हेंबरपासून, हरणाच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की. बापाने बांधलेल्या रानातल्या खोपटात दोघं दोन आठवडे एकत्र राहतात, एकत्र रांधतात, सॉनाच्या तापलेल्या खोलीत घाम काढतात आणि वर्षाचं सगळं बोलून घेतात. टाउनो चौदा वर्षांचा असल्यापासून एकही पंधरा नोव्हेंबर चुकलेला नव्हता.

आता गुन्हा कसा सुरू झाला ते सांगते. ओल्ड माइन रोडवर चौदा घरं अशी, की आत एकटंच म्हातारं माणूस. नाताळ आला की एकेकाला एका दिवसात दहा-दहा कार्डं. टाउनो गठ्ठाच्या गठ्ठा पेटीत टाकायचा. आणि दुसऱ्या दिवशी तेच माणूस गुडघाभर बर्फातून पेटीपाशी येऊन उभं. पेटीत काही नाही. तिसऱ्या दिवशी परत उभं.

"पेटी रिकामी आहे हे दिसत असतं त्यांना," टाउनो आम्हाला म्हणाला होता. "तरी हात आत घालून चाचपतात. मागच्या पत्र्यापर्यंत. ते बघवत नाही हो."

मग गड्याने रतीब लावला. हाताने लिहिलेली पत्रं आणि कार्डं तेवढी घरी न्यायची आणि रोज एकेक वाटायचं. औषधं, चेक, सरकारी कागद, डॉक्टरची चिठ्ठी ही आल्या दिवशीच पोचवायची, त्यात कधीही एक तासाचा उशीर नाही. घरात सगळ्यात कोरडी जागा म्हणजे सॉनाबाहेरची कपडे बदलायची खोली, म्हणून तिथे त्याने चौदा खणांचं फळकुटांचं कपाट ठोकलं. प्रत्येक खणावर नाव. प्रत्येक पाकिटाला वार लिहिलेली चिठ्ठी. आमच्या रस्त्यावर नाताळची कार्डं मार्चपर्यंत यायची आणि सगळे म्हणायचे, टपालखातं काय, पूर्वीसारखं राहिलं नाही.

अठ्ठावीस वर्षांत टपालाच्या शिक्क्यावरची तारीख कुणीही वाचली नाही. वाचली ती चौदांतल्याच सायमा तॉर्मालाच्या मुलीने, कॅरोलने. ती डेट्रॉइटहून उन्हाळ्यात आईकडे आली, पत्रांचा डबा आवरायला घेतला, आणि तिच्या भुवया वर गेल्या. तिने तक्रार केली. ऑगस्टमध्ये टपालखात्याचा इन्स्पेक्टर सूटबूट घालून टाउनोच्या दारात हजर. टाउनोने काय करावं? नुसतं दार उघडून गप्प बसावं की नाही? नाही! "या या, दाखवतो," म्हणत त्याला थेट सॉनाकडे घेऊन गेला. सॉना तापलेला होता. इन्स्पेक्टरने घामाघूम होत चौदा खणांचे फोटो काढले आणि टाउनोने त्याला टॉवेल दिला. त्या दिवसापासून टाउनो निलंबित.

टपालखात्याच्या माणसानेच टपाल अडवून ठेवणं हा मोठा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद. टाउनोला कोणी पाच वर्षं आत टाकणार नव्हतं, ते जॉसला माहीत होतं. पण मोठा गुन्हा एकदा नावावर लागला की माणसाला जन्मात बंदुकीला हात लावता येत नाही.

"मी बंदूक वेइकोकडे ठेवीन," टाउनो म्हणाला. "नुसता जाऊन बसेन."

"बसायचंसुद्धा नाही," जॉस म्हणाली. "ज्या खोपटात बंदुका आहेत तिथे तुम्ही सापडलात तरी परत पकडतील."

"वेइको बंदुकीशिवाय यायचा नाही."

"तेच तर सांगतेय मी तुम्हाला."

टाउनोने कान चोळले. मग म्हणाला, "म्हणजे भाऊच जाणार म्हणा की."

जॉस फाइल उचलून तडक ट्रेवॅरोकडे गेली, आणि तिच्यामागे मी.

सरकारी वकील होता गॉर्डन विसर. हा मिशिगनच्या खालच्या भागातला, पुलापलीकडचा. आम्ही तिकडच्यांना 'पुलाखालचे' म्हणतो आणि ते आमच्यात वीस वर्षं राहिले तरी ते नाव सुटत नाही. विसर माणूस चांगला, पण पेस्टीवर ग्रेव्ही ओतून खातो. आता वीतभर लांबीच्या त्या जाड करंजीत मांस, बटाटा, रुताबागाचा कंद, सगळं रसरशीत भरलेलं असताना वर ग्रेव्ही कशाला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्या टेबलाचा नियम एकच, पेस्टी संपल्याशिवाय फाइल उघडायची नाही. जॉस शेवटचा घास मुद्दाम ठेवते, विसर अधीर होईपर्यंत.

"खा गं बाई ते एकदाचं," विसर म्हणाला.

जॉसने घास खाल्ला, फाइल उघडली. "छोटा गुन्हा दे. टपालाला अडथळा. फार तर सहा महिन्यांचं कलम. तेही प्रोबेशनवर, तुरुंगाबाहेर."

"जॉस, चौदा खण! वारांच्या चिठ्ठ्या! इतकं शिस्तशीर तर माझं ऑफिससुद्धा नाही."

"एक पत्र फोडलं त्याने? एक फेकलं?"

"नाही. पण त्याच्या तोंडून ऐकू दे. मग बघतो."

अशी बैठक ठरते तेव्हा सरकार आधी लिहून देतं, की आज जे सांगशील ते तुझ्यावर उलटवणार नाही. जॉसने टाउनोला आदल्या दिवशी दोन तास पढवलं. विचारलं तेवढंच सांगा, थोडक्यात सांगा, आणि विनोद करू नका. टाउनो मान डोलवत होता. मी म्हटलं जमलं बुवा.

दुसऱ्या दिवशी विसरच्या टेबलाशी टाउनो बसला आणि कोटाच्या खिशातून त्याने वह्या काढल्या. एक नाही, सहा.

"मिस्टर हार्यू," विसर म्हणाला, "आरोपपत्रात तीन पत्रांचा उल्लेख आहे. त्या तिन्हींबद्दल सांगा."

"तीनच?" टाउनो दुखावला. "अहो मग बाकीच्यांचं काय? हे बघा, पहिल्या वर्षापासूनचं आहे. फक्त पहिली तीन वर्षं मी सरळ वागलो, तेवढी सोडा."

जॉसची पहिली लाथ बसली.

"कोणाचं काय पत्र आलं, कधी आलं, मी कधी दिलं, सगळं आहे. हे नेल्सनचं, पाकिटावरच त्याच्या नातवाने चित्र काढलं होतं, ते मी त्याच्या वाढदिवसापर्यंत ठेवलं—"

दुसरी लाथ, तिसरी.

"जॉसबाई, तुमचा पाय माझ्या नडगीला लागतोय," टाउनो अदबीने म्हणाला. "जागा करू का?"

विसरने पेन खाली ठेवलं आणि रुमाल तोंडावर धरला. खोकला आलाय असं म्हणाला. वीस वर्षांत त्याला असा खोकला आलेला मी पाहिला नव्हता. मला मात्र हसू येईना, कारण जॉसच्या कपाळावरची शीर उडत होती. बाहेर आल्यावर ती टाउनोला म्हणाली, "तुमच्यासारखा आरोपी असल्यावर सरकारला वकील लागतोच कशाला?"

पण त्या वह्यांनी काम केलं. अठ्ठावीस वर्षांत एकही पाकीट गहाळ नाही, एकही फोडलेलं नाही, हे टाउनोच्याच अक्षरात समोर आलं. आणि त्याच आठवड्यात फॉर्म यायला लागले.

गुन्ह्यात ज्याचं नुकसान झालं त्याला सरकार फॉर्म पाठवतं, तुमचं काय गेलं ते लिहा, शिक्षा काय व्हावी ते लिहा. ओल्ड माइन रोडच्या चौदाही म्हाताऱ्यांना असे फॉर्म गेले. विसरने आलेल्यांच्या प्रती आम्हाला पाठवल्या, आणि मी जॉसला मोठ्याने वाचून दाखवल्या. नेल्सनने लिहिलं होतं, "नवा पोस्टमन मंगळवारी सात पत्रं टाकून गेला. बुधवारपासून काही नाही. नुकसान : उरलेला आठवडा." एका आजींनी विचारलं होतं, नाताळची कार्डं यापुढे नाताळातच येणार असतील तर मार्च कसा काढायचा ते सरकारने कळवावं. एकाने शिक्षेच्या रकान्यात लिहिलं, "परत कामावर लावा." आणि मिसेस बूशे, जी कुणाबद्दल कधी चांगलं बोलली नाही, तिने फॉर्म दोन्ही बाजूंनी भरला होता : "माझी सून पत्र उशिरा टाकते म्हणून मी तिला नऊ वर्षं टोमणे मारले. आता तिची माफी मागावी लागणार. एवढं मोठं नुकसान माझं आजवर कोणी केलेलं नाही."

जॉस टेबलावर डोकं ठेवून हसत होती. तेरा फॉर्म आले. एक आला नाही, सायमा तॉर्मालाचा.

ट्रेवॅरोच्या टेबलावर पुढची बैठक झाली तेव्हा विसरचा सूर पालटला होता. छोटा गुन्हा द्यायला तो तयार होता. टाउनोने नोकरीचा राजीनामा द्यायचा, टपालाला पुन्हा हात लावायचा नाही, आणि एक वर्ष प्रोबेशन. जॉसने अटींचा छापील कागद वरून खाली वाचत नेला आणि तिचं बोट दहाव्या ओळीवर थांबलं.

"ही काढ."

"बंदूक जवळ नको, ही? ती छापीलच आहे. सगळ्यांना असते."

"सुनावणी ऑक्टोबरात आहे, गॉर्डन. त्यानंतर पंधरा नोव्हेंबर येतो."

"बरं मग? पंधरा नोव्हेंबरला काय आहे?"

काउंटरमागे म्हाताऱ्या ट्रेवॅरोने हातातली पेस्टी खाली ठेवली. शेजारच्या टेबलावरचे दोन ट्रकवाले वळून विसरकडे बघायला लागले, एखाद्याने चर्चमध्ये शिवी द्यावी तसे.

"पुलाखालचा आहे तो," मी त्यांना समजावलं. "सांभाळून घ्या."

विसर कानापर्यंत लाल झाला. त्याने पेन काढलं आणि दहाव्या ओळीवर काट मारली. "मोठ्या ऑफिसच्या साहेबांची परवानगी मी आणतो. पण शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सही हवी. त्यानंतर तेही ऐकणार नाहीत."

तो बुधवार होता. आमचा जीव भांड्यात पडला. जॉसने टाउनोला बोलावून घेतलं, करार समोर ठेवला, आणि नियमाप्रमाणे सरकारी फाइलही वाचायला दिली. तिथे घोळ झाला. त्या फाइलमध्ये कॅरोलची तक्रार होती, आणि ती टाउनोने आजवर पाहिलेली नव्हती.

सायमाची बहीण इर्मा मिनेसोटात होती. तिचं पत्र एका सोमवारी ग्रॅनाइट बेला पोचलं. सायमाच्या खणात त्या दिवशी आधीची तीन पत्रं शिल्लक होती, म्हणून टाउनोने इर्माचं पत्र गुरुवारसाठी लावलं. इर्मा मंगळवारी गेली. सायमाने ते पत्र गुरुवारी, बहिणीच्या मयताला निघताना वाचलं.

टाउनोने ते पान तीनदा वाचलं. त्याचे लाल कान पांढरे पडले. मग त्याने करार जॉसकडे परत सरकवला.

"मी मोठाच गुन्हा कबूल करतो."

"काय बोलताय!"

"हे छोटं कलम आहे ना? सायमाचे तीन दिवस मी खाल्ले. त्याला मी छोटं म्हणू? तुम्ही म्हणा. माझ्या तोंडून यायचं नाही."

"टाउनो, पश्चात्ताप वेगळा आणि कलम वेगळं. अहो, वेइकोचं काय?"

"वेइकोला भाऊ नाही म्हणून तो मरणार नाही. सायमाला बहीण राहिली नाही."

जॉसने समजावलं, ओरडली, परत समजावलं. मीही बोलले, खूप बोलले. इतकं की मागाहून मला माझीच लाज वाटली. पण फिनिश माणूस एकदा बसला की उठवणं कठीण. तो टोपी घालून निघून गेला. आणि कायद्याने आम्हाला सायमाकडे जायची सोय नव्हती. ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात बचावाच्या लोकांनी जाऊन गळ घालायची नसते. मी रोज घरी जाताना सायमाच्या घरावरून जाते. ते दोन दिवस मी स्टीअरिंग इतकं घट्ट धरलं की बोटं दुखली. मनात तिला किती वेळा म्हटलं असेल, बाई गं, तो फॉर्म भर!

शुक्रवारी सकाळी टाउनो आला, सही करायला नाही, मोठ्या गुन्ह्याचं काय ते कधी आहे विचारायला. अकरा वाजून गेले होते. जॉसने हात टेकले होते. मी खिडकीशी उभी होते, म्हणून मलाच आधी दिसलं. विसर कोटाशिवाय, डोकं उघडं, रस्ता ओलांडून येत होता. पळतच म्हणायला हवं.

"आताच्या टपालात आलं," तो दारातच धापा टाकत म्हणाला. "मंगळवारी टाकलेलं. आज पोचलं. आणि या वेळी कुणीही अडवलेलं नव्हतं, बरं का! ही प्रत तुमची. मी वाचू का?"

जॉसने मान हलवली. विसर उभ्याउभ्याच वाचू लागला.

"सरकारी वकील, तुमचा फॉर्म लहान आहे म्हणून मागच्या बाजूला लिहिते. इर्माचं पत्र सोमवारी आलं असतं तर मी तिला फोन केला असता. आम्ही दोघी फोनवर पाच मिनिटंही न भांडता कधी बोललो नाही. कॉफीबरोबरच्या गोड पावात वेलची किती घालायची इथून सुरू व्हायचं आणि आईचं लाडकं कोण इथपर्यंत जायचं. शेवटचं भांडण माझ्या हक्काचं होतं. ते टाउनोने नेलं. त्याचा मला राग आहे आणि तो जायचा नाही.

"दुसरी गोष्ट. नवरा गेल्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत रविवार सोडून माझी पेटी कधी रिकामी नव्हती. मला वाटायचं, माझी माणसं रोज आठवण काढतात. आता कळलं, ती आठवड्यातून एकदा काढत होती. रोज टाउनो काढत होता.

"शिक्षा विचारली आहे म्हणून सांगते. त्याने कोर्टात, सगळ्यांसमोर, इर्माचं नाव घेऊन सांगावं की हे मी केलं. मग घरी जावं. आणि मला रोज एक पत्र लिहावं. टपालाने, खरी तारीख घालून. त्याला तुरुंगात टाकू नका, कारण मग पाकिटावर तुरुंगाचा शिक्का येईल आणि तो मला माझ्या पेटीत नको. सायमा तॉर्माला."

टाउनोने रुमाल काढून नाक शिंकरलं, चांगलं दोनदा. मी तर सरळ रडत होते, आणि त्यात लपवायचं काय?

"मी रोज आठवण काढत नव्हतो," टाउनो शेवटी म्हणाला. "नुसता वाटप करत होतो."

"ते तिला पत्रात लिहा," विसर म्हणाला. "आत्ता हे बघा. या करारात 'छोटा' हा शब्द कुठेच नाही. आम्ही बोलताना म्हणतो तेवढंच. कागदावर आहे ते 'जाणूनबुजून टपालाला अडथळा केला'. आणि तुम्ही काय केलंत याचं एक वाक्य घालावंच लागतं. त्यात इर्माचं नाव घालतो. चालेल?"

"तीन दिवस घाला. आकडा घाला."

"घालतो."

"आणि 'उशीर झाला' नको. 'मी केला' लिहा."

विसरने जॉसकडे बघितलं, जॉसने त्याच्याकडे. वीस वर्षांत दोघांनी शेकडो करार केले असतील. प्रत्येक वेळी आरोपी वाक्य बोथट करायला धडपडायचा. हा पहिलाच, जो धार लावून घेत होता. अकरा चाळीसला ते वाक्य माझ्या हातात आलं. मी जन्मात इतक्या वेगाने टाइप केलं नव्हतं. बाराला चार मिनिटं असताना टाउनोने सही केली आणि विसर तसाच, कोटाशिवाय, पळत परत गेला.

सुनावणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. जज बर्गस्ट्रॉमबाई आत आल्या आणि थबकल्या. मागचे बाक, जे एरवी रिकामे असतात, ते भरले होते. ओल्ड माइन रोडचे चौदाच्या चौदा म्हातारे, इस्त्रीचे कपडे घालून, मांडीवर डबे घेऊन. मिसेस बूशेने सुनेलाही आणलं होतं. सगळ्यात पुढे सायमा, चौऱ्याऐंशी वर्षांची, काठी पायांत धरून.

जजने नेहमीचे प्रश्न विचारले. वय, शिक्षण, औषधं चालू आहेत का, वकिलाबद्दल समाधानी आहात का.

"आहे," टाउनो म्हणाला. "लाथा जोरात मारतात, पण समाधानी आहे."

जजने चष्म्यावरून जॉसकडे पाहिलं. जॉस छताकडे बघत होती.

"या करारात लिहिलंय त्याखेरीज कुणी काही वचन दिलंय का?"

याचं उत्तर 'नाही' असतं. बावीस वर्षांत मी दुसरं उत्तर ऐकलेलं नाही. 'हो' म्हटलं तर करार तिथेच लटकतो, जज सुनावणी थांबवू शकतात.

"हो," टाउनो म्हणाला.

जॉसचा हात कपाळावर गेला. विसर अर्धवट उठला. मी मनात म्हटलं, बोंबला!

"काय वचन, मिस्टर हार्यू?" जज अगदी सावकाश म्हणाल्या. "आणि कुणी दिलं?"

"मला कुणी नाही दिलं. मीच दिलंय. सायमाला रोज एक पत्र लिहायचं. पण ते त्यांनी मागितलं म्हणून नाही, शिक्षा नसती तरी लिहिलं असतं. कालपर्यंतची नऊ लिहूनही झाली."

जजनी खाली बघून कागद चाळल्यासारखं केलं. ते करताना त्यांचा ओठ थरथरत होता, मी शपथेवर सांगते. "हे वचन कराराच्या आड येत नाही, असं कोर्टाला वाटतं. आता तुम्ही काय केलंत ते तुमच्या शब्दांत सांगा."

टाउनो वळला. जजकडे तोंड करून बोलायचं असतं, पण तो बाकांकडे वळला आणि कोणी त्याला अडवलं नाही.

"इर्माचं पत्र माझ्याकडे सोमवारी आलं," तो म्हणाला. "मी ते—"

"मोठ्याने," सायमा म्हणाली. "मला ऐकू कमी येतं."

"इर्माचं पत्र सोमवारी आलं!" टाउनो ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला. "मी ते तीन दिवस अडवलं. जाणूनबुजून. मला तसा हक्क नव्हता. मी गुन्हेगार आहे, सायमा."

सायमाने काठी एकदा जमिनीवर आपटली. "ऐकलं," ती म्हणाली.

एक वर्ष प्रोबेशन, दहावी ओळ वगळून. जज निघून गेल्या आणि कोर्टात एकदम डबे उघडले. वेलचीच्या पावाचा वास सुटला. मार्शल, ज्याचं काम कोर्टात खायला बंदी करणं, त्याच्या दोन्ही हातांत पाव होता. मिसेस बूशेने गॉर्डन विसरला तिसरा तुकडा वाढला आणि विचारलं, "ग्रेव्ही हवी का रे?" सगळ्या गावाला ते माहीत होतं.

पंधरा नोव्हेंबरला टाउनो खोपटात पोचला तेव्हा वेइको दारात उभा होता. "कोर्टात गेलास म्हणे," एवढंच वेइको म्हणाला आणि त्याची पिशवी आत घेऊन गेला. दोन आठवड्यांत दोघांना मिळून एक हरीण मिळालं, आणि ते कुणी मारलं यावरून नवं भांडण लागलं. पण टाउनो रोज संध्याकाळी कंदिलाशी बसून पत्र लिहायचा आणि दोन मैल चालून रस्त्यावरच्या पेटीत टाकून यायचा.

आता तीन वर्षं झाली. टाउनो रोज लिहितो, रोज टाकतो. पण नवा पोस्टमन पडला नियमाचा, जसं येईल तसं देतो. बर्फ पडलं की तीन-चार दिवस काही नाही, मग एकदम चार पत्रं. गेल्या जानेवारीत मी सायमाकडे कॉफीला गेले होते. त्या दिवशी तिला टाउनोची चार पत्रं आली. तिने एक बाजूला ठेवलं आणि तीन बिस्किटांच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

"वाचत नाहीस?"

"रोज एक," सायमा म्हणाली. "उद्याचं उद्या सकाळी पेटीत ठेवून येते. मग जेवण झालं की बूट घालून आणायला जाते. जॉसला विचार, हा गुन्हा आहे का."

मी जॉसला विचारलं. जॉसने ट्रेवॅरोच्या टेबलावर विसरला विचारलं. विसरने पेस्टी संपवली, रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाला, आपलंच पत्र आपण अडवलं तर सरकारला त्यात काही म्हणायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुपारी गाडी त्या रस्त्याने घेतली. सायमा काठी टेकत बर्फातून पेटीपर्यंत आली. झाकण उघडून तिने हात आत घातला आणि मागच्या पत्र्यापर्यंत चाचपलं. पत्र तिथेच होतं, सकाळी तिनेच ठेवलेलं, आणि तरी ते हाताला लागल्यावर तिचा चेहरा उजळला. ते छातीशी धरून ती घरी गेली.